भर बाजारात ठरलेलं गुपित

दिवाळीच्या खरेदीसाठी मोबाइलवर एखाद्या दुकानाचं पान उघडताना काय घडतं, ठाऊक आहे? तुमचा फोन आणि दुकानाचा सर्व्हर यांची आधीची काही ओळख नाही. मधले टॉवर, तारा, वाय-फाय सगळं परक्याचं. कोणीही कान लावून बसलेला असू शकतो. तरीही पापणी लवायच्या आत दोघं एक गुप्त संख्या ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं तिच्या आधाराने कुलूपबंद होतं. भर बाजारात दोघांनी ओरडून बोलावं, साऱ्या बाजाराने ऐकावं, तरी गुपित दोघांतच राहावं! हे शक्य तरी आहे का?

पेन्सिल घ्या, करूनच बघू. 2 आणि 13 हे आकडे सगळ्यांसमोर जाहीर. फोन मनात 4 धरतो. 2 चा चौथा घात 16. 13 ने भागल्यावर बाकी 3. ही 3 तो उघड पाठवतो. दुकान मनात 5 धरतं. 2 चा पाचवा घात 32, बाकी 6. तीही उघड. आता फोन 6 चा चौथा घात काढतो : 1296, बाकी 9. दुकान 3 चा पाचवा घात काढतं : 243, बाकी... 9! दोघांच्या हाती 9, आणि तो आकडा कोणी उच्चारलाच नाही!

इतक्या लहान आकड्यांत चोर सहज उत्तर काढेल. पण 13 च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या ठेवा आणि मनातले आकडेही अवाढव्य धरा. बाकी काढणं फोनला तरीही चुटकीसरशी जमतं. बाकीवरून मनातला आकडा शोधणं मात्र आजच्या महासंगणकांच्याही आवाक्याबाहेरचं. (फोन हल्ली बहुधा याच युक्तीचं आणखी सुटसुटीत रूप वापरतात.)

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही युक्ती 1976 मध्ये जगापुढे मांडली. नवल म्हणजे ब्रिटनच्या गुप्तचर खात्यातल्या माल्कम विल्यमसन यांना ती आधीच सापडली होती. पण 1997 पर्यंत सरकारने त्याबद्दल ब्र काढला नाही!

मग सणासुदीत लोक लुबाडले जातात कसे? चोर या गणिताच्या वाटेला जातच नाही. तो स्वतःच दुकान थाटतो! गुप्त संख्या मग त्याच्याशीच ठरते, अगदी बिनचूक. कुलपाचं चिन्ह सांगतं की बोलणं गुप्त आहे. पलीकडचा माणूस सज्जन आहे, असं ते सांगत नाही. म्हणून पत्ता वाचा, आणि शेवटाकडून वाचा. 'ओळखीचंदुकान.सणाचीसूट.कॉम' या पत्त्याचा मालक 'सणाचीसूट' आहे. पुढचं ओळखीचं नाव निव्वळ रंगरंगोटी.

कार्डाच्या बाबतीत एक भक्कम सोय झाली आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानांना तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर त्याजागी एक टोकन राहतं. ते फुटलं तरी दुसऱ्या दुकानात कवडीमोलाचं!

यूपीआयचा पिन हा पैसे तुमच्या खात्यातून बाहेर जायला लागतो. यायला कधीच लागत नाही. 'रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका' असं कोणी म्हणालं, की फोन तिथेच ठेवून द्या. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर फिरवा. चोराने रक्कम पुढे सरकवण्याआधी कळलं, तर ती त्याच्या खात्यातच गोठवता येते.