स्त्रीवेष आणि त्याची चित्रे

बालपणी जळगावी मेहबूबखाँ यांजपाशी गायन शिकलेले नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले. त्यांची वेषभूषा व केशरचना पाहून कुलीन स्त्रियाही तसा पेहराव करीत, आणि त्यांची छायाचित्रे लोक आवडीने जपून ठेवीत.

जपानातही असेच घडले होते. तेथे १६२९ साली काबुकी नाटकांत स्त्रियांस बंदी झाली व कालांतराने स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. अशा नटास ‘ओन्नागाता’ म्हणतात. त्यांची चित्रे लाकडी ठशांवरून छापून विकीत. चित्रकार रेखाटी, दुसरा कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, आणि तिसरा प्रत्येक रंगास निराळी फळी घेऊन कागदावर छापी. एका फळीवरून शेकडो प्रती निघत. म्हणून सामान्य माणसासही ती परवडत.

बहुतेक चित्रकार नटास नुसती सुंदरी करून सोडीत. शाराकू मात्र निराळा! १७९४ सालच्या त्याच्या चित्रांत रंगलेपाखालचा पुरुषी जबडा व उतरते वय लपत नाही. त्याची चित्रे जेमतेम दहा महिने निघाली; पुढे त्याचा मागमूस नाही.

बालगंधर्वही वय उतरल्यावर स्त्रीवेष घेत राहिले. त्या काळची त्यांची छायाचित्रे कित्येकांस पाहवत नाहीत. मला तीच अधिक आवडतात. त्यांत नायिकेबरोबर नारायणरावही दिसतात.