नदीचा श्वास आणि प्लॅस्टिकची टोपी

गेल्या उन्हाळ्यात दौंडला बहिणीकडे गेलो, तो भाच्याने पहिल्याच रात्री फर्मान काढले, "मामा, उद्या पहाटे रांजणगावला जायचं!" म्हटले, चला, महागणपतीचे दर्शन घडेल. पण हे रांजणगाव सांडस निघाले. शिरूर तालुक्यातलेच, परंतु भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमावरचे.

काठावर पोहोचताच भाच्याने पिशवीतून वायरला जोडलेली एक नळी काढली. टोकाला अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची टोपी.

"हिच्यात काय रे?"

"रंग!"

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे.

थट्टा नव्हती. टोपीच्या पातळ थरात एक रंगद्रव्य कोंडलेले असते. त्यावर निळा प्रकाश पाडला की ते लाल उजळते. आपण पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालतो ना, ते याच गोत्रातले. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण प्यायचे आणि निळसर उजेड द्यायचा. या चमत्काराला स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. टोपीतल्या रंगाची खोड अशी की प्राणवायू भिडला की त्याचा उजेड मावळतो. ही खोड जर्मनीत हान्स कौट्स्कीने १९३० च्या दशकात अभ्यासली. प्लॅस्टिक गाळ बाहेर अडवते, प्राणवायू तेवढा आत झिरपू देते. पूर्वी यासाठी १८८८ ची विंकलरची रीत होती. बाटलीत पाणी भरा, औषधे घाला, थेंब मोजत बसा. आता टोपी बुडवायची की झाले.

म्हणजे उजेड जितका जास्त, तितकी नदी गुदमरलेली! उजेडाची थोरवी वर्गात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जरा जडच गेले.

२५ अंश उष्णतेला स्वच्छ पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आंघोळीच्या पाण्यात निदान ५ हवा, मासे जगायला ४. भाच्याने आधी संगमाच्या वर भीमेत टोपी बुडवली, मग मुळा-मुठेच्या मुखाशी. तिथे आकडा भराभर खाली आला.

"मामा, हे तुमच्या पुण्याचं पाणी."

मी उगाच पलीकडच्या काठाकडे पाहत राहिलो. सकाळी आमच्या न्हाणीघरातून जे वाहून जाते, त्याचा पुढचा पत्ता मी कधी विचारला नव्हता. हेच पाणी पुढे शिरूरच्या घोडनदीला भेटून, दौंडवरून उजनीच्या धरणात जाते.

"आणि कुरकुंभच्या कारखान्यांतली रसायनं?"

"ती हिला कळत नाहीत. प्रत्येकाला निराळा रंग शोधावा लागतो."

परतलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. "दादा, चहा टाकलाय," ती म्हणाली, "पाणी दोनदा उकळलंय हो, काळजी करू नकोस."