काथ्या, ताग की प्लास्टिक? बागेतल्या चटईचे गैरसमज

अंगणात किंवा गच्चीवर अंथरायला ‘आउटडोअर रग’ घेताना गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं: नैसर्गिक आहे का, आणि टिकेल का? एकीचं उत्तर ‘हो’ आलं की दुसरीचंही ‘हो’च, असं आपण धरून चालतो. घोळ तिथेच होतो.

नैसर्गिक धागे सगळे सारखे, हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा समज. तागात लिग्निन 12-13 टक्के, तर काथ्यात 40 टक्क्यांच्या आसपास असतं. लाकडाला कणखरपणा देणारा हा घटक बुरशीला आणि जिवाणूंना सहजी पचत नाही. केरळात नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजत ठेवतात. भोवतालचा गर सडून जातो, धागा शाबूत राहतो. या परीक्षेतून निघालेला काथ्या पावसाच्या सरींना सहसा डगमगत नाही. तागाची चटई मात्र ऐन श्रावणात गच्चीवर राहिली की बघता बघता काळ्या ठिपक्यांनी भरते. तिची जागा पडवीत, छपराखाली.

काथ्याची चटई घेतानाही ती उलटून पाहा. अनेक पायपुसण्यांना खालून पीव्हीसीचा थर असतो. वरचा काथ्या कधीतरी मातीत मिसळेल, खालचा थर मिसळणार नाही. दोन्ही बाजूंनी विणलेलीच घ्या.

‘प्लास्टिकची चटई कुजत नाही, म्हणजे कायमची’ हेही अर्धसत्य आहे. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही हे खरं, पण त्याचा वैरी पाऊस नव्हे, ऊन आहे. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. किरणरोधक द्रव्य मिसळलेलं नसेल तर आधी रंग विटतो, मग धागा ठिसूळ होतो. हात फिरवल्यावर बोटांना पांढुरकी भुकटी लागली तर चटई संपली असं समजा. तीच भुकटी पावसाबरोबर कुंड्यांत आणि गटारात जाते.

जुन्या बाटल्यांपासून केलेली चटई नव्या प्लास्टिकपेक्षा बरी, यात वाद नाही. पण तिच्यामुळे कचरा संपला असं मात्र नाही. बाटली पुन्हा वितळवता येते. रंग, शिवण आणि दुसऱ्या धाग्यांची मिसळ झालेली चटई वेगळी करणं अवघड असतं. कृत्रिम हिरवळीबद्दल फार लिहायला नको. एप्रिलच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहून पाहावं.

चटई कोणतीही असो, जिवंत हिरवळीवर कायम पसरू नका. ऊन न मिळाल्याने खालचं गवत पिवळं पडतं. फरशीवरही ती मधूनमधून उचलून दोरीवर वाळवा, नाहीतर खाली शेवाळ धरतं आणि पाय घसरतो.

फाटलेली, रसायन न लावलेली काथ्याची चटई कचऱ्यात टाकू नका. तुकडे करून झाडांच्या बुंध्याभोवती अंथरा; ओल टिकते आणि तणही कमी येतं.