वादळात आधी झोप मोडते

दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी आठ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून ‘तारिणी’ ही शिडाची होडी २९ मे २०२५ रोजी गोव्यात आणली. त्याच आठवड्यात पाऊसही वेळेआधी येऊन थडकला होता. अशा वेळी ‘वादळाशी झुंज’, ‘लाटांवर मात’ हे शब्द आपोआप सुचतात. वाचायला ते बरे वाटतात, पण ५६ फुटी शिडाच्या होडीत वादळ निभावतात कसं, हे त्यातून कळत नाही. वारा चढायच्या आत शिडं आखडून घेतली, की झुंजीपेक्षा घर सांभाळण्याचंच काम जास्त. बिछान्याच्या कडेला जाड कापड ताणून बांधायचं, नाहीतर झोपलेला माणूस लाटेसरशी समोरच्या फळीवर आदळेल. शेगडी झोक्यासारखी टांगलेली, वरचं भांडं पकडीत आवळलेलं. बाहेर जायचं तर जिन्याच्या तोंडाशीच छातीच्या पट्ट्याची कडी अडकवायची आणि मगच डेकवर पाऊल टाकायचं. ओले कपडे वाळत नाहीत, मीठ अंगाला चरचरतं. दोघीच असल्या तर एक पहाऱ्यावर असेल तेवढीच दुसरीला झोप.

वादळात आधी थकतो तो माणूस. होडी बहुधा त्याच्यापेक्षा चिवट निघते. याचा सगळ्यात बोलका पुरावा १९७९ च्या शिडाच्या होड्यांच्या फास्टनेट शर्यतीत आहे. ३०३ होड्या निघाल्या, वादळात १५ स्पर्धक दगावले. २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या; त्यांतल्या पाचच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. होडी सोडून रबरी तराफ्यात उतरलेल्यांपैकी काही मात्र परत आले नाहीत. त्या रात्री भीती खरीच होती, पण गारठलेल्या, उपाशी, न झोपलेल्या डोक्याला ती मोजता येत नाही.

यावर अभिलाष टॉमी यांचं उदाहरण कोणी पुढे करेल. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. म्हणजे होडीही मोडतेच की! मोडते. पण ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत जवळपास तीन दिवस हलता न येणाऱ्या माणसाला त्याच मोडक्या होडीने तरंगत ठेवलं. टॉमींनी २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपग्रह आहेत, अंदाज आहेत, मग वादळ टाळावं. अशी होडी ताशी दहा-बारा किलोमीटर चालते आणि दक्षिणेकडच्या समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तिच्या कितीतरी पट वेगाने धावतो. पळणार कुठे? अंदाजाने मिळतो तो एखाद-दुसरा दिवस, आणि तो शिजवून ठेवण्यात, बांधाबांधीत आणि झोपून घेण्यात घालवायचा. वादळाआधीची झोप हीसुद्धा तयारीच, पण ती छायाचित्रात दिसत नाही, हा तिचा दोष. (दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वर एकटेच जगाला फेरी घालून आले, तेव्हा पहाऱ्यालाही तेच आणि झोपेलाही तेच.)

पुण्याजवळच्या लोणी काळभोरला याच्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण तिथे मुळा-मुठेच्या काठी ‘मॅनेट’मध्ये व्यापारी जहाजांवर जाणारी मुलं घडतात. त्यांच्या वाट्याला येणारी जहाजं दोन-दोनशे मीटरची, शिडाचा संबंध नाही. तरी थकवा जहाजाची लांबी बघत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमात चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती लिहून ठेवली आहे. समुद्र तिथून शंभरावर किलोमीटर दूर, हा कमीपणा मानायचं कारण नाही. खडकवासल्याच्या तलावातही एनडीएची मुलं शिडं हाकायला शिकतातच. ‘मॅनेट’मध्ये अग्निशमनाचे आणि जीवरक्षक होड्यांचे धडे हवेतच, पण विश्रांतीचे तास नोंदवायचा तक्ताही तितक्याच गांभीर्याने शिकवायला हवा. जहाजावर चढल्यावर तो तक्ता रोज पुढ्यात येईल, आणि सहा तास झोपून दहा लिहिण्याचा मोहसुद्धा.