सोंग दुष्टाचे, काम पुण्याचे

इस्पितळातला लहान मुलांचा वॉर्ड. औषधांचा उग्र वास, आणि खाटांशेजारी बसलेल्या आईबापांचे सुकलेले चेहरे. अशा जागी एकाएकी दार उघडून पांढऱ्याशुभ्र चिलखतातले दोन शिपाई आत शिरले तर? तोंडे शिरस्त्राणात बंद, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या काचा! पोरे भेदरून आईला बिलगतील, असे आपल्याला वाटेल. पण अमेरिकेतल्या कितीतरी इस्पितळांत ही मंडळी आली की आजारी मुले खाटेवर उठून बसतात. हे शिपाई त्यांच्या चांगल्या ओळखीचे असतात. ते ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातले. आणि मौज अशी, की तेही दुष्टांच्या पक्षातले!

जॉर्ज ल्यूकस यांचा हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. एका बाजूला जुलमी साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला मूठभर बंडखोर, अशी ती अंतराळातली कथा. काळ्या वेषातला डार्थ व्हेडर आणि त्याच्या साम्राज्याचे हे पांढरे शिपाई म्हणजे कथेतले खलपुरुष. त्यांचीच सोंगे घेऊन लोकांच्या उपयोगी पडणारी एक मोठी संस्था आहे. तिचे नाव ‘५०१ वी लीजन’, म्हणजे ५०१ वी पलटण.

तिचा जन्म मोठ्या विलक्षण रीतीने झाला. अल्बिन जॉन्सन हे दक्षिण कॅरोलायनातले एक साधे गृहस्थ. १९९४ साली त्यांना मोटारीचा अपघात झाला आणि त्यापायी एक पाय गमवावा लागला. धडधाकट माणसाचे आयुष्य एका क्षणात असे उलटेपालटे झाले, तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. अशा काळात त्यांच्या मनाने लहानपणच्या आवडत्या चित्रपटाचा आधार घेतला. १९९७ साली जुने ‘स्टार वॉर्स’ चित्रपट नव्या रूपात पुन्हा चित्रगृहांत आले, तेव्हा जॉन्सन शिपायाचे चिलखत चढवून तेथे हजर झाले. त्या चिलखताखाली खरा पाय कोणता आणि खोटा कोणता, हे कोणाला दिसणार? पुढे टॉम क्रूज नावाचा मित्र असाच वेष करून सोबत आला. एकाचे दोन झाले. छायाचित्रे इंटरनेटवर झळकली, ठिकठिकाणचे हौशी लोक येऊन मिळाले, आणि त्याच साली पलटण उभी राहिली. आज तिचे १० हजारांहून अधिक सभासद ६० हून जास्त देशांत पसरलेले आहेत.

हा पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. सभासद वयाने अठरा वर्षांच्या पुढचा हवा. वेष चित्रपटातल्यासारखा हुबेहूब हवा. तो तपासून पसंत झाल्याखेरीज प्रवेश नाही. प्लॅस्टिकचे तुकडे कापून, घासून, जोडून चिलखत तयार करण्यात महिनेच्या महिने जातात, आणि खर्च ज्याचा त्याने सोसायचा. अंगात चढवल्यावर तर खरी परीक्षा! आत घामाच्या धारा, नीट बसता येत नाही, काचांतून पायाजवळ रांगणारे मूलसुद्धा दिसत नाही. म्हणून साध्या कपड्यांतला एक सोबती वाट दाखवायला जवळ लागतो.

आणि एवढ्या यातायातीबद्दल मिळते काय? पैसा मिळत नाही. सभासदाने मानधन घ्यायचे नाही, असा नियमच आहे. एखाद्या समारंभाच्या चालकांना द्यायचेच असेल, तर त्यांनी ती रक्कम धर्मादाय संस्थेला द्यावी. चित्रपटाचे हक्क असलेली कंपनीही या सोंगांना मुभा देते ती याच अटीवर, की त्यांतून कोणी स्वतःची कमाई करू नये. चिकित्सक वाचक म्हणतील, ‘यात कंपनीची फुकट जाहिरात होतेच की!’ होते, हे खरे आहे. १ जानेवारी २००७ रोजी पासाडेना येथील प्रसिद्ध ‘रोझ परेड’मध्ये हे सुमारे २०० शिपाई ल्यूकस यांच्या मिरवणुकीत कवायत करीत चालले, तो सोहळा जाहिरातीचाही होताच. पण इस्पितळातल्या खाटेजवळ गुडघा टेकणाऱ्या शिपायाला त्या नफ्यातली एक कवडीही मिळत नाही, हेही तितकेच खरे.

या साऱ्याचे मोल खुद्द जॉन्सन यांना फार कठोरपणे कळायचे होते. २००४ साली त्यांच्या केटी या लहानग्या मुलीच्या मेंदूत गाठ निघाली. दुखणे हाताबाहेरचे होते. चित्रपटात एक राजस्त्री झोपली असता ‘आर टू–डी टू’ हा बुटका यंत्रमानव तिच्या उशाशी पहारा देतो. तसा एखादा केटीपाशी असावा, असे तिच्या बहिणीच्या मनात आले. असे यंत्रमानव हौसेने बनवणाऱ्यांची निराळी मंडळी आहे. जॉन्सन यांनी त्यांच्याकडे शब्द टाकला. एरवी या कामाला वर्ष वर्ष लागते. येथे तर दिवस मोजके होते. तरीही त्या मंडळींनी जुलै २००५ मध्ये एक गुलाबी यंत्रमानव केटीला भेटवला, आणि तिने त्याला मिठी मारली. ऑगस्टमध्ये ती गेली. तिचे वय होते अवघे सात वर्षांचे.

तिच्या नावावरून त्या यंत्रमानवाचे नाव पडले ‘आर टू–केटी’. पुढे तो आजारी मुलांना भेटण्यासाठी आणि धर्मादाय कामांसाठी गावोगाव फिरला. २०१५ साली आलेल्या ‘द फोर्स अवेकन्स’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातही तो पाठीमागे क्षणभर दिसून जातो. ज्याला त्यामागची हकिकत माहीत आहे, त्याचे डोळे त्या क्षणी ओलावल्यावाचून राहत नाहीत.

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळू नये. या शिपायांचे तोंड दिसत नाही, आणि पलटणीत ते एका क्रमांकाने ओळखले जातात. आत कारकून आहे, शिक्षक आहे, की एका पायाचा दुःखी बाप आहे, हे खाटेवरच्या मुलाला कधीच कळत नाही. त्याला कळते ते इतकेच, की आज आपल्याला भेटायला कोणीतरी मुद्दाम आले होते.