व्हिटबीच्या कड्यावरचा मठ

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, एस्क नदी उत्तर समुद्राला मिळते तिथे व्हिटबी हे जुने बंदर आहे. नदीमुखाच्या पूर्वेला उंच कडा आहे आणि त्याच्या माथ्यावर छप्पर गेलेला एक भव्य मठ उभा आहे. गावातून वर चढायला १९९ दगडी पायऱ्या आहेत. त्या संपतात तिथे सेंट मेरीचे चर्च आणि त्याची दफनभूमी लागते, आणि तिच्यापलीकडे मठाचे आवार. प्रवासी ज्या भिंतींची छायाचित्रे काढतात त्या तेराव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. व्हिटबीला इतिहासात स्थान मिळाले ते मात्र त्याआधी साडेपाचशे वर्षे घडलेल्या गोष्टींमुळे, आणि त्या काळातली एकही भिंत आज उभी नाही. हे ध्यानात नसेल तर अर्धे व्हिटबी पाहायचे राहून जाते.

पहिल्या मठाचा उगम एका नवसात आहे. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वियू याने ६५५ साली विन्वेडच्या लढाईत मर्सियाच्या पेंडा राजाला मारले. जय मिळाला तर तान्ही मुलगी एल्फ्लेड हिला देवाच्या सेवेत देईन आणि मठांसाठी बारा जमिनी दान करीन, असे त्याने लढाईपूर्वी बोलून ठेवले होते. दोन वर्षांनी, ६५७ साली, या कड्यावर मठ स्थापन झाला. त्याची प्रमुख होती हिल्डा. ती राजघराण्यातली, ६१४ साली जन्मलेली, तेराव्या वर्षी ख्रिस्ती झालेली. मठात पुरुष आणि स्त्रिया दोघेही राहत आणि दोघांवरही अधिकार एका बाईचा असे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा जोडमठांची पद्धत होती. हिल्डाच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. तिचा सल्ला घ्यायला राजेही येत, असे बीड या इतिहासकाराने ७३१ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात नोंदवले आहे. या मठाविषयी जे कळते त्यातले बहुतेक बीडमुळेच.

६६४ साली याच मठात धर्मसभा भरली. वाद ईस्टर कधी पाळायचा याचा होता. आयर्लंडकडून आलेले भिक्षू ८४ वर्षांच्या जुन्या चक्राने तारीख काढत, तर रोमची गणना १९ वर्षांच्या चक्रावर चाले. ऑस्वियू आयरिश रीतीत वाढलेला, तर त्याची राणी एअनफ्लेड केंटमध्ये वाढलेली, रोमची रीत पाळणारी. त्यामुळे एखाद्या वर्षी राजा ईस्टरची मेजवानी झोडत असताना राणीचे उपवास चालूच असायचे. महाराष्ट्रात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या वादाचे मर्म सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की इथे दोन्ही पंचांगे एकाच राजवाड्यात नांदत होती.

आयरिश बाजू बिशप कोल्मनने मांडली, रोमची विल्फ्रिडने. स्वर्गाच्या किल्ल्या सेंट पीटरकडे आहेत, हा विल्फ्रिडचा शेवटचा मुद्दा. तो कोल्मननेही नाकारला नाही आणि राजाने रोमच्या बाजूने निकाल दिला. किल्लीवाल्याशी वैर नको, हा त्यातला व्यवहार. स्वतः हिल्डा आयरिश पक्षाची होती, पण तिने निर्णय मान्य केला. कोल्मन मात्र आपल्या अनुयायांना घेऊन निघून गेला.

कॅडमनची कथाही याच मठातली. तो गुरे राखणारा. मेजवानीत वीणा हातोहात फिरून आपल्यापाशी येऊ लागली, की गाता येत नाही म्हणून तो उठून जाई. एका रात्री गोठ्यात झोपला असता स्वप्नात कुणीतरी त्याला गायला सांगितले आणि त्याने सृष्टीच्या निर्मितीचे गीत रचले. हिल्डाने त्याची परीक्षा घेऊन त्याला मठात सामावून घेतले. त्याचे नऊ ओळींचे स्तोत्र टिकून आहे. ज्याचा कर्ता नावानिशी माहीत आहे अशा इंग्रजी कवितांत ते सर्वांत जुने मानले जाते. निरक्षर गुराखी आद्यकवी ठरावा, हे भाषेच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

हिल्डा ६८० साली वारली. तिच्यानंतर एअनफ्लेड आणि एल्फ्लेड या मायलेकींनी मठ सांभाळला. नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांच्या काळात तो ओस पडला. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी, १०७८च्या आसपास, विजेत्या विल्यमच्या सैन्यातून संन्यासाकडे वळलेल्या राइनफ्रिडने तो पुन्हा वसवला. हा नवा बेनेडिक्टाइन मठ फक्त पुरुषांचा होता.

तेराव्या शतकात गॉथिक शैलीतले मोठे चर्च बांधायला घेतले ते पूर्वेकडून. त्या टोकाला उंच, अरुंद, टोकदार कमानींच्या खिडक्या तीन-तीनच्या तीन ओळींत आहेत. अवशेषांतला सर्वांत देखणा भाग हाच. पश्चिमेकडे सरकावे तशी खिडक्यांची नक्षी बदलते, कारण काम रेंगाळत पुढच्या शतकांत गेले. चालत जाणाऱ्याला हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

१४ डिसेंबर १५३९ रोजी आठव्या हेन्रीच्या मठबंदीत व्हिटबी राजाच्या ताब्यात गेले. जागा चमली घराण्याकडे आली. त्यांनी शेजारी वाडा बांधला, आज तिथे संग्रहालय आहे. चर्च मात्र तसेच सोडून दिले गेले. छपराचे शिसे गेल्यावर पुढचे काम खारा वारा आणि पाऊस यांनी केले. वालुकाश्मात मुरलेले मीठ स्फटिक होताना दगडाचे कण सुटे करते. १७३६ साली दक्षिणेचा बाहू कोसळला, त्यानंतर तीसेक वर्षांत मुख्य दालन आणि १८३० साली मधला मनोरा. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी पश्चिम दर्शनी भिंतीचे नुकसान केले. पुढे तिची दुरुस्ती झाली. हे पडीकपण हेन्रीच्या हुकमाचे म्हणून सांगितले जाते, पण तो हुकूम सुटल्यावर जवळजवळ दोनशे वर्षे इमारतीचा बराचसा भाग उभा होता. तिला पाडले ते दुर्लक्षाने.

गावातल्या दंतकथा वेगळ्याच. हिल्डाने कड्यावरच्या सापांचे दगड केले, अशी समजूत होती. हे ‘साप’ म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या अमोनाइट या सागरी प्राण्याचे जीवाश्म. एकोणिसाव्या शतकातले विक्रेते त्यांना दगडी डोकी कोरून विकत. अमोनाइटच्या एका प्रजातीला शास्त्रज्ञांनी हिल्डोसेरास हे नाव दिले आहे. गंडकीच्या पात्रातून देव्हाऱ्यात येणाऱ्या अनेक शाळिग्रामांतले चक्रही अमोनाइटचेच असते. दुसरी दंतकथा ताजी आहे. लेखक ब्रॅम स्टोकर १८९० साली इथे उतरला होता. १८८५ साली बंदरात फुटलेल्या ‘दिमित्री’ या रशियन जहाजाची हकीकत त्याला मिळाली आणि ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीत त्या जहाजाचे ‘डिमीटर’ झाले. जहाजातून उडी मारलेला कुत्रा कड्याकडे पळतो, इतके वर्णन व्हिटबीला ड्रॅक्युलाशी जोडायला पुरले. काळे कपडे घालून येणारे पर्यटक आज हिल्डापेक्षा ड्रॅक्युलालाच अधिक ओळखतात.

हिल्डाच्या मठाचे जे सापडले ते खणूनच. १९२०च्या दशकातल्या उत्खननात चर्चच्या उत्तरेला इमारतींचे पाये, लिहिण्याच्या लेखण्या आणि कंगवे मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सातव्या-आठव्या शतकातली दफनेही उघडी पडली. त्या खोदकामामागे घाई होती, कारण कडा खचतो आहे. २०१३ साली दरड कोसळली तेव्हा सेंट मेरीच्या दफनभूमीतली माणसांची हाडे उघड्यावर आली. मठाच्या मूळ वस्तीचा काही भाग समुद्रात गेला असावा. जो उरला आहे तो त्याआधी खोदून नोंदवण्याचे काम इंग्लिश हेरिटेज या संस्थेने हाती घेतले.