मशरूमचा अर्क विकायचाय? आधी कांद्याला विचारा!

समजा, पुणे–सातारा हायवेवर, भोर तालुक्यातल्या सारोळ्यात तुमची शेड आहे. धिंगरी जमली. आता रेशी मशरूम उकळून अर्क काढायचा आणि बाटलीत भरून विकायचा, असं डोक्यात आहे. चांगलंय. पण बाटली आणि लेबल छापायच्या आधी एक प्रश्न: या अर्कानं जिवंत पेशीला अपाय होतो का?

याची स्वस्तातली पहिली चाचणी कांद्यावर होते. स्वीडनचे अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्या मुळांवर तपासला, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

घरी कसं करायचं?
१. एकसारखे, कोंब न आलेले छोटे कांदे घ्या. बुडाची वाळलेली मुळं हलकेच काढा.
२. पाच कांदे साध्या पाण्यावर, पाच पूर्ण अर्कावर, पाच निम्म्या अर्कावर, पाच पाव अर्कावर ठेवा. फक्त बूड बुडालं पाहिजे. पाणी आणि अर्क रोज ताजा घाला.
३. तीन दिवसांनी मुळं मोजा, सरासरी काढा.

साध्या पाण्यात ४ सेंमी आणि अर्कात २ सेंमी आलं, तर वाढ निम्म्यावर आली. साधं पाणी ठेवलंच नाही, तर तुलना कशाशी करणार? प्रयोगशाळेत पुढे मुळाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कांद्यात मोठी १६च गुणसूत्रं असतात, त्यामुळे बिघाड दिसतो.

आता नीट ऐका, इथंच लोक फसतात. मुळं वाढली म्हणजे अर्क माणसाला सुरक्षित, असं नाही. मुळं थांबली म्हणजे तो विषच, असंही नाही. कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं. ते कांद्याच्या पेशींचं विभाजन थांबवतं. कळलावी खाल्ली तर जीव जाऊ शकतो, पण तेच कोल्चिसिन डॉक्टर ठरलेल्या मात्रेत गाऊटवर देतात. कांदा फक्त सांगतो, "इथं काहीतरी घडतंय, पुढं तपासा."

म्हणून कांद्याचा निकाल लेबलवर टाकू नका. मशरूम ज्यावर वाढतं त्यातले जड धातू शोषून घेतं, त्यामुळे एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये शिसं, कॅडमियम, आर्सेनिक तपासून घ्या. 'मधुमेह बरा होतो', 'कॅन्सरवर रामबाण' असं तर लिहूच नका. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात अशा जाहिरातीला बंदी आहे.

बाटलीच्या ऑर्डरला चार दिवस उशीर झाला तर चालेल. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्रास झाला, तर गावात परत कोण विचारणार? आजच वीस कांदे आणि एक पट्टी घेऊन बसा.